मुक्ती मिशन, केडगाव

मुक्ती मिशन, केडगाव : पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथे स्थापन केलेली स्त्रिया व मुले यांच्या आश्रयाची ख्रिस्ती संस्था आणि तिच्यातून उदयास आलेली, कोणत्याही एका पंथाशी न जोडलेली उपासक मंडळी. केडगाव हे पुण्याच्या पूर्वेस सु. ५५ किमी. अंतरावर, पुणे–दौंड लोहमार्गावरील एक स्थानक आहे. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन मोठ्या दुष्काळांतून वाचविलेल्या मुली व विधवा यांसाठी येथे उघडलेल्या निवाऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी सु. १,९०० व्यक्ती राहत होत्या आणि त्या एकाच मंदिरात उपासनेस बसत. त्या काळच्या महाराष्ट्रात एवढी मोठी व पंथबाह्य ख्रिस्ती मंडळी दुसरी नव्हती. तिचे नेतृत्व एका स्त्रीकडे होते आणि तिच्या सभासदांतही स्त्रियांचेच बहुसंख्य होते. १९०५ मध्ये येथे झालेल्या धार्मिक संजीवनामुळे मुक्ती मिशनचे नाव युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या खंडांत पोहोचले.

पार्श्वभूमी : मुक्तीची पंथबाह्यता हे एखाद्या मिशनरी संस्थेचे धोरण नव्हते. तिचे मूळ रमाबाईंच्या धर्मजीवनात आढळते. अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई या दांपत्याच्या पोटी जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत व पुराणकथनात गेले. १८७४ च्या सुमारास उपासमारीत आईवडिलांचा अंत झाल्यावर त्या बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भारतभर हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत पांडित्याचा गौरव करून त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या उपाधी दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये पतीचे निधन झाल्यावर मनोरमा या तान्ह्या मुलीसह त्या पुण्यास आल्या व तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटिज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाखाली त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याने त्यांच्या धर्मविचाराला पूर्णविराम मात्र मिळाला नाही. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार आणि परंपरेने ठरविलेले श्रद्धाविधान यांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डीन व चेल्टनम येथील महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. पुरोहितांच्या एका वर्गाच्या सत्तेतून सुटून दुसऱ्या वर्गाच्या सत्तेखाली जाण्यास त्या तयार नव्हत्या. ज्या गोष्टीस शास्त्रवचनाचा आधार सापडत नाही ती केवळ चर्चची आज्ञा म्हणून स्वीकारावी, हे त्यांना मान्य नव्हते. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असाही प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि उपासनेची स्वभाषा ही दोन सूत्रे पुढे मुक्तीच्या मंडळीत प्रत्यक्ष आलेली दिसतात. त्यांचा आरंभ या पत्रांत आहे.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्ये त्यांचे द हाय-कास्ट हिंदू वुमन हे पुस्तक प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक तिचे अध्यक्ष होते. तिच्या कार्यकारिणीत एपिस्कोपल, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट व बॅप्टिस्ट पंथांचे लोकही होते. या संस्थेने भारतातील कार्यास दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले. कोणत्याही एका पंथाच्या पैशावर विसंबून राहावे लागले नाही, ही गोष्ट रमाबाईंच्या पुढील वाटचालीस पोषक ठरली.

शारदासदन व १८९३ चा वाद : ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यास हलविण्यात आले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्मशिक्षणाच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी हमी देण्यात आली होती. न्या. म. गो. रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांसारखे सुधारक तिच्या सल्लागार समितीवर होते. तथापि रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, त्या खोलीचे दार उघडे असे व सदनातील काही मुली तेथे येऊन बसत. येऊ इच्छिणाऱ्या मुलीला आपण अडविणार नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. अशा वातावरणात हमीला अर्थ उरत नाही, असा समितीचा आक्षेप होता. केसरीने या प्रकरणी कडक टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागार समितीने राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. हिंदू धर्माच्या चौकटीत राहून विधवाशिक्षणाचे काम व्हावे, ही गरज या प्रकरणाने तीव्रतेने पुढे आणली. ज्यांचा पुनर्विवाह शारदासदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी मार्च १८९३ मध्ये झाला होता, त्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला.

याच काळात रमाबाईंच्या श्रद्धेने नवे वळण घेतले. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून १८९१ च्या सुमारास त्यांना असे वाटू लागले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपणास भेटला नाही. बुद्धीने पटलेल्या धर्मापेक्षा अंतःकरणात अनुभवलेल्या तारणावर त्या भर देऊ लागल्या. मुक्तीची उपासना पुढे याच अनुभवकेंद्री श्रद्धेवर उभी राहिली.

दुष्काळ व वसाहतीची वाढ : अमेरिकन साहाय्याची मुदत संपल्यावर शारदासदन स्वावलंबी व्हावे, या हेतूने रमाबाईंनी केडगाव येथे सु. १०० एकर जमीन घेऊन फळबागेस व शेतीस प्रारंभ केला होता. १८९६–९७ मध्ये तत्कालीन मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. सध्याच्या मध्य प्रदेशातील बराच भाग आणि नागपूर, वर्धा हे मराठीभाषक जिल्हे या प्रांतात मोडत. स्वतः उपासमारीत आईवडील गमावलेल्या रमाबाई दुष्काळी भागात गेल्या. तेथील मदतकेंद्रांत व रस्त्यांवर निराधार मुलींची होणारी विटंबना त्यांनी पाहिली आणि अशा सु. ३०० मुली व तरुण विधवा आणण्याचा निश्चय केला. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा उद्‌भव झाल्यामुळे एवढ्या मुली शहरात ठेवण्यास परवानगी मिळाली नाही. त्यामुळे त्यांना केडगावच्या मळ्यात तंबू व गवती छपरे यांखाली ठेवावे लागले. मुक्तिसदनाचा आरंभ असा झाला. १८९८ मध्ये तेथे कायमच्या इमारती उभ्या राहू लागल्या.

१८९९–१९०० चा दुष्काळ गुजरात, काठेवाड व राजस्थान या प्रदेशांत विशेष तीव्र होता. विक्रम संवत १९५६ वरून तो ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. मुक्तीत शिकून तयार झालेल्या स्त्रियाच आता दुष्काळी भागात जाऊन मुली गोळा करू लागल्या. गुजरातमधून तेराशेहून अधिक मुली आल्या आणि वसाहतीतील लोकसंख्या सु. १,९०० झाली. तीन वर्षांपूर्वी स्वतः वाचविल्या गेलेल्या मुलींनी इतरांना वाचवून आणावे, हा या वाढीचा विशेष होय.

वाढीबरोबर कार्याच्या शाखाही झाल्या. शारदासदन शाळेच्या रूपाने केडगावी आले. संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन, मुलांसाठी सदानंद सदन अशी निरनिराळी सदने निघाली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय करण्यात आली. शेती, विणकाम, शिवणकाम, दुग्धव्यवसाय, तेलघाणी, स्वयंपाक व छपाई ही सर्व कामे स्त्रिया करीत. छापखान्यातील खिळे जुळविण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतचे कसब त्यांनी आत्मसात केले होते. शारदासदनात आरंभी जातीचे खाणेपिणे सांभाळण्याची मुभा होती. मुक्तीत निरनिराळ्या जातींच्या व प्रांतांच्या मुली एका पंक्तीस बसू लागल्या. त्यांच्या मातृभाषाही वेगवेगळ्या होत्या. मराठी ही त्यांची शिक्षणाची व उपासनेची सामाईक भाषा झाली.

मंडळीची घडण : मुक्तीत आलेल्या बहुतेक मुलींना कुटुंब उरले नव्हते. पश्चिम भारतातील बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या या अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन, चर्च मिशनरी सोसायटी, मेथडिस्ट मिशन इत्यादींच्या क्षेत्रविभागणीनुसार वाढल्या होत्या. एखाद्या गावातील कुटुंबे ज्या मिशनच्या संपर्कात येत, त्याचा पंथ त्यांच्याकडे वारशाने जाई. मुक्तीत असा वारसा नव्हता. येथे दाखल होताना मुलीजवळ पंथही नव्हता आणि पंथ देणारे गावही नव्हते. त्यामुळे रमाबाईंना बायबल, वैयक्तिक श्रद्धा व प्रार्थना एवढ्याच पायावर मंडळी उभारता आली.

रमाबाईंच्या सहकाऱ्यांतही नाना पंथांचे लोक होते. अमेरिका, इंग्लंड, स्कँडिनेव्हिया, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथून आलेल्या स्त्रियांनी येथे काम केले. त्यांपैकी मिनी एब्रम्स (मृ. १९१२) या मूळच्या मेथडिस्ट सेविका १८९८ पासून मुक्तीशी निगडित होत्या. एकाच पंथाचा पाळक कायम नेमण्याऐवजी बाप्तिस्मा व प्रभुभोजन यांसाठी शेजारच्या मिशनांतील दीक्षित पाळकांचे साहाय्य घेतले जाई. त्यांत मेथडिस्ट मिशनचे डब्ल्यू. डब्ल्यू. ब्रुएर हे प्रमुख होते. आरंभीच्या काळातील काही सामुदायिक बाप्तिस्मे जवळच्या भीमा नदीच्या पात्रात झाले. वचनाचे विवरण, प्रार्थनेचे नेतृत्व व दैनंदिन आध्यात्मिक मार्गदर्शन ही कामे मात्र रमाबाई व त्यांच्या सहकारी स्त्रिया करीत. त्या काळच्या बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत स्त्रीला दीक्षा मिळत नसे. मुक्तीत दीक्षेविनाच एक स्त्री जवळजवळ दोन हजारांच्या मंडळीची धर्मोपदेशिका झाली.

आर्थिक बाबतीतही १८९८ नंतर पद्धत बदलली. बॉस्टनच्या संस्थेची दहा वर्षांची मुदत संपल्यावर तिच्या जागी अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. परंतु रमाबाईंचा भर आता अनाथांचे संगोपन करणारे ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर व चीनमधील मिशनरी हडसन टेलर यांच्या ‘श्रद्धाधिष्ठित’ पद्धतीवर होता. ठरावीक पगार न देणे, कर्ज न काढणे व गरजेच्या वेळी प्रार्थना करणे ही तिची लक्षणे होत. अर्थात मुक्तीचे अहवाल व मुक्ती प्रेअर बेल हे नियतकालिक परदेशांत वाचले जाई आणि त्यामुळेही देणग्या येत असत.

उपासनामंदिर व उपासनापद्धती : १८९९ मध्ये मोठ्या उपासनामंदिराची पायाभरणी झाली. वसाहतीतील सर्व व्यक्ती एका वेळी बसू शकतील एवढे ते विस्तीर्ण होते. त्यात बाकांच्या रांगा नव्हत्या, उपासक जमिनीवर बसत. पांढऱ्या लुगड्यांतील शेकडो मुली ओळीने जमिनीवर बसल्या आहेत, हे दृश्य मुक्तीस भेट देणाऱ्या अनेक प्रवाशांनी वर्णिले आहे. आठवड्याच्या सहा दिवशी शाळा, शेत व कारखाना यांची कामे चालत आणि त्यांच्या आरंभी व अखेरीस प्रार्थना होई. रविवारी सर्व मंडळीची उपासना व शास्त्रवर्ग असत.

उपासनेत इंग्रजी चालींच्या गीतांबरोबर देशी चालींची भजने गायिली जात. स्वतः रमाबाईंनी भजने रचली. बालपणापासून पुराणकथन करीत आल्यामुळे श्रोत्यांना कथेत गुंतवून उपदेश करण्याची हातोटी त्यांना साधली होती. ख्रिस्ती उपासनेला मराठी भक्तिपरंपरेचे रूप देण्याचा प्रयत्न याच काळात अहमदनगर भागात रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारे करीत होते. टिळकांचा प्रयत्न मुख्यतः काव्याच्या अंगाने झाला. मुक्तीतील बदल सामूहिक प्रार्थनेच्या रीतीत घडला. एक व्यक्ती प्रार्थना करते व इतर ‘आमेन’ म्हणतात, या पाश्चात्त्य रीतीऐवजी येथे सर्व मंडळी एकाच वेळी, प्रत्येकजण आपल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करू लागली. नुकत्याच अक्षरओळख झालेल्या मुलीला छापील प्रार्थनापुस्तक अवघड वाटे, या पद्धतीत मात्र तिला पहिल्या दिवसापासून सहभागी होता येई.

१९०५ चे संजीवन : १८९८ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथील अधिवेशनात रमाबाईंनी भारतातील ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थनेची विनंती केली होती. ऑस्ट्रेलियातील प्रार्थनामंडळांच्या कार्याची वार्ता ऐकून त्यांनी मनोरमा व मिनी एब्रम्स यांना तिकडे पाठविले. १९०४–०५ मध्ये वेल्समध्ये व १९०५ च्या आरंभी आसामातील खासी टेकड्यांत संजीवन झाले. जानेवारी १९०५ मध्ये मुक्तीत खास प्रार्थनासभा सुरू झाल्या. प्रथम सु. ७० स्त्रिया जमत. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. खेड्यांत जाऊन सुवार्ता सांगण्यास तयार असलेल्या तरुणींचा एक लहान गटही रोज एकत्र येत असे.

२९ जून १९०५ रोजी पहाटे या गटातील एका मुलीस आपल्या अंगात अग्नी संचारल्याचा अनुभव आला. तिच्या सोबतिणीला ती खरोखरच पेटली आहे असे वाटून ती पाणी आणण्यास धावली, असे समकालीन वृत्तांतात म्हटले आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीप्रमाणे शास्त्रविवरण करीत असताना जमलेल्या मुली मोठ्याने रडू लागल्या व आपली पापे कबूल करू लागल्या. विवरण थांबवावे लागले. त्यानंतर अनेक दिवस शाळेचे वर्ग व इतर कामे बाजूस पडून तासन्‌तास प्रार्थना चालल्या. रडणे, थरथरणे, मूर्च्छा, दृष्टान्त, पापनिवेदन आणि नंतर हर्षाने गाणे व नाचणे असे या अनुभवाचे टप्पे वर्णिलेले आढळतात. पुढे अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही घडले. दौंड येथे मुलांची संस्था चालविणारे आल्बर्ट नॉर्टन यांनी त्यांचे वृत्त परदेशी नियतकालिकांना कळविले.

संजीवनाचे संस्थात्मक फलित म्हणजे प्रार्थनापथके होत. सु. ७०० मुली व स्त्रिया यांनी प्रार्थना व सुवार्ताकथन यांसाठी नावे दिली आणि त्यांपैकी ६० च्या आसपास दररोज पाळीपाळीने आजूबाजूच्या खेड्यांत जाऊ लागल्या. ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची त्यांच्या नावांच्या याद्या पथकांत वाटून दिल्या जात. काही पथके महाराष्ट्रातील व बाहेरील इतर मिशनकेंद्रांतही गेली व तेथेही अशा सभा झाल्या. दुष्काळात गमावलेल्या म्हणून गणलेल्या मुली शिक्षित मिशनरी व पाळक यांच्यासमोर प्रार्थनेचे नेतृत्व करू लागल्या, हा त्या काळच्या ख्रिस्ती समाजातही अपूर्व बदल होता.

या प्रकारांवर टीकाही झाली. गलबला, शारीरिक आविष्कार व भावनावेग यांमुळे उपासनेचे गांभीर्य नष्ट होते, असे अनेक मिशनऱ्यांचे मत होते. अर्धशिक्षित मुलींच्या मनावर समूहाचा ताण पडतो, असाही आक्षेप होता. रमाबाईंनी मुक्ती प्रेअर बेलमधून त्यास उत्तर दिले. भारतीय ख्रिस्ती माणसाने पाश्चात्त्यांच्या शिष्टाचाराप्रमाणेच भक्ती करावी असा आग्रह का धरावा व भारतीयांना त्यांच्या स्वभावानुसार देवाची उपासना का करू देऊ नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. इंग्लंडमध्ये क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयी त्यांनी घेतलेल्या हरकतीचेच हे वीस वर्षांनंतरचे व्यापक रूप होते. मात्र अन्य भाषांत बोलणे हीच पवित्र आत्मा मिळाल्याची एकमेव खूण होय, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. प्रेम, नम्रता व सेवा यांना त्यांनी अधिक महत्त्व दिले.

जागतिक पडसाद : मिनी एब्रम्स यांनी या अनुभवांवर १९०६ मध्ये द बॅप्टिझम ऑफ द होली घोस्ट अँड फायर ही पुस्तिका लिहिली. शिकागो येथील त्यांच्या सहाध्यायिनी मे हूव्हर या चिलीतील व्हॅल्परायझो येथे पती विलिस हूव्हर या मेथडिस्ट मिशनऱ्यासह काम करीत होत्या. त्यांच्याकडे ही पुस्तिका पोहोचली. १९०९ मध्ये तेथे झालेल्या संजीवनातून चिलीची स्वदेशी पेंटेकॉस्टल चळवळ निघाली. पेंटेकॉस्टल पंथाचा उगम १९०६ मध्ये लॉस अँजेल्समधील अझूसा स्ट्रीट येथे झाला, असे पूर्वी सर्वत्र लिहिले जाई. गॅरी मॅगी, ॲलन अँडरसन इ. इतिहासकारांनी मुक्तीचे उदाहरण देऊन असे दाखविले, की या चळवळीचे उगम अनेक असून त्यांपैकी एक केडगाव होय. मुक्ती मात्र स्वतः कोणत्याही पेंटेकॉस्टल संघटनेत सामील झाली नाही. तिची पंथबाह्यता संजीवनानंतरही टिकली.

बायबलचे भाषांतर : संजीवनाच्या सुमारासच रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास हात घातला. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून ती खेड्यातील स्त्रियांना कळत नाही, असे त्यांचे मत होते. त्याचप्रमाणे हिंदू तत्त्वज्ञानातील विशिष्ट कल्पना सुचविणारे शब्द टाळावेत, असाही त्यांचा कटाक्ष होता. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द गाळण्यासाठी आयुष्याची अखेरची सु. सतरा वर्षे खर्ची घालावीत, यावरून तिच्यासमोर कोणता वाचकवर्ग होता हे स्पष्ट होते. हा ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीतील स्त्रियांनी छापला. नव्या कराराचे काम रमाबाईंच्या हयातीत प्रसिद्ध झाले व संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर पडले. एका स्त्रीने एकटीने मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर जगात विरळाच आढळते. या भाषांतराचा इतर मराठी मंडळ्यांत मोठा प्रसार झाला नाही. त्याची योजनाच मुळात मंदिरात जमिनीवर बसणाऱ्या आणि पथकातून खेड्यात जाणाऱ्या स्त्रियांसाठी होती.

उत्तरकाळ : मनोरमाबाई मुक्तीच्या शाळेचे काम पाहत व आईच्या उत्तराधिकारी म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाई. तत्कालीन निजाम राज्यातील गुलबर्गा येथेही १९१३ च्या सुमारास त्यांनी शाळा सुरू केली. २४ जुलै १९२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई निवर्तल्या. अवघ्या नऊ महिन्यांत मंडळीने आपली संस्थापिका व तिची वारस या दोघींनाही गमावले. त्यानंतर कार्याची धुरा भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी सांभाळली. दुष्काळांचे स्वरूप बदलले, आलेल्या मुलींपैकी अनेकींचे विवाह झाले, काही शिक्षिका, परिचारिका व बायबल स्त्रिया म्हणून अन्यत्र गेल्या आणि वसाहतीतील संख्या घटत गेली. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने संस्थेचे कार्य केडगाव येथे चालू असून निराधार स्त्रिया व मुले यांचा सांभाळ, शिक्षण, वैद्यकीय सेवा आणि मंडळीची उपासना ही त्याची अंगे आहेत. रमाबाईंच्या स्मरणार्थ भारतीय डाक विभागाने १९८९ मध्ये टपाल तिकीट काढले.

मूल्यमापन : आठवड्याच्या उपासनेस दोन हजार किंवा त्याहून अधिक लोक जमणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळीस विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘मेगाचर्च’ ही संज्ञा लावली जाते. दक्षिण कोरियातील सोल येथे १९५८ मध्ये लहानशा सभेच्या रूपाने सुरू झालेली योइदो मंडळी हे त्याचे विख्यात उदाहरण होय. केवळ संख्येच्या दृष्टीने पाहता मुक्तीची मंडळी १९०० च्या सुमारास या मर्यादेपर्यंत पोहोचली होती. स्त्रियांच्या नेतृत्वाखालील लहान गट, उत्स्फूर्त सामूहिक प्रार्थना, अनुभवावरील भर व पंथबाह्य संघटना ही अशा मंडळ्यांची अनेक लक्षणेही तेथे आढळतात. तथापि दोहोंत मूलभूत फरक आहे. शहरातील मोठ्या मंडळीत माणूस स्वेच्छेने येतो व स्वेच्छेने जातो. मुक्तीतील उपासक त्याच संस्थेच्या अन्नवस्त्रावर जगत होते.

मुक्तीविषयीच्या वादाचे मर्म या फरकात आहे. उपाशी मुलीला आश्रय देणाऱ्याने तिला आपला धर्मही द्यावा काय, हा टीकाकारांचा प्रश्न होता व तो गैरलागू म्हणता येत नाही. आपल्या सदसद्विवेकावर बिशपांचाही अधिकार न मानणाऱ्या रमाबाई पोरक्या मुलींच्या विवेकास किती मोकळीक देऊ शकल्या, याचे उत्तर संस्थेच्या अहवालांवरून पूर्णपणे मिळत नाही, कारण त्यांत मुलींचे मनोगत बहुधा दुसऱ्यांच्या लेखणीतून उतरले आहे. उलटपक्षी, त्या मुलींना घेऊन जाण्यास त्या वेळी फारच थोडे लोक पुढे आले होते, हेही तितकेच खरे. मंडळीत येताना ज्यांना कुल, जात, पती व गाव यांपैकी कोणाचेच पाठबळ नव्हते, त्यांना तेथे अक्षर, हस्तव्यवसाय व सभेत मोठ्याने बोलण्याचा अधिकार मिळाला. १९०५ च्या सभांतील ज्या गलबल्याची शिष्ट उपासकांना अडचण वाटली, तो बहुतांशी आयुष्यात प्रथमच बोलू लागलेल्या स्त्रियांचा आवाज होता. महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माच्या व स्त्रीजीवनाच्या इतिहासात मुक्तीच्या मंडळीस जे स्थान आहे ते मुख्यतः या कारणाने होय.